आमच्या चिरंजीवांचा आवाज

५ फेब्रुवारी

सकाळी ताईचा फोन आला. मी उचलून "हॅलो" म्हटलं, तर ताई म्हणते कशी, "भावोजी, जरा तिला द्या ना फोन." मी म्हटलं, "अगं, मीच आहे." तर म्हणाली, "भावोजी, चेष्टा नको, माझं दूध गॅसवर आहे." सख्खी मोठी बहीण माझी. एका पांघरुणात झोपून मोठ्या झालो आम्ही. शेवटी लहानपणी तिने माझ्या बाहुलीचे केस कापले होते ते सांगितलं, तेव्हा कुठे पटलं. मग दोघी पोट धरून हसलो, आणि तेवढ्यात तिचं दूध उतू गेलं.

फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. ओट्यापाशी उभी राहून दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. सर्दी असेल म्हणावं, तर सर्दी इतके दिवस मुक्काम ठोकते का?

मी आवाजावर पोट भरणारी बाई. बाहेरून येणाऱ्या कार्टून मालिकांना आपल्या भाषेत बोलतं करायचं, हे माझं काम. त्यातलं मोठं काम एकच. समुद्रातल्या दीपगृहात बापाबरोबर राहणारा एक आठ वर्षांचा पोरगा आहे, त्याचा आवाज पंधरा वर्षं मी देते. लहान मुलग्यांचे आवाज बहुतेक बायकाच देतात, कारण खरी मुलं त्या खोलीत दहा मिनिटंसुद्धा गप्प बसत नाहीत. घरात आम्ही त्याला 'चिरंजीव' म्हणतो. "आज चिरंजीवांनी काय दिवे लावले?" असं हे संध्याकाळी विचारतात आणि मी सगळं साग्रसंगीत सांगते.

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. ही डायरी तिथलीच, काचांच्या कंपनीने फुकट दिलेली. प्रत्येक पानाखाली 'दृष्टी जपा' छापलंय. घसा जपा असं कुणी छापत नाही.

ह्यांना ताईचा किस्सा सांगितला. "हं" म्हणाले. ह्यांच्या 'हं'चे पन्नास प्रकार आहेत. हा त्यातला कुठला ते कळलं नाही.

११ फेब्रुवारी

आज रेकॉर्डिंगच्या खोलीत माझी भट्टी झाली. ती खोली म्हणजे कपाटच. भिंतींना गाद्या, दार बंद, पंखा बंद, एसी बंद, कारण माइकला सगळं ऐकू येतं. इतकी वर्षं तिथे बसतेय, कधी काही वाटलं नाही. आज चिरंजीव जिना चढत होते, मी त्यांची धाप काढत होते, आणि एकदम छातीतून आग वर चढली. मान, कान, अगदी डोक्याची कातडीसुद्धा. केसांतून पाणी गळायला लागलं. समोरच्या कागदाने वारा घेतला, तर काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणतो, "ताई, तुमच्याकडे कबुतर शिरलंय का?"

ह्याचं नाव मी बटणराव ठेवलंय, आता सगळा स्टुडिओ तेच म्हणतो. दिवसभर बटणांशी बोलतो, माणसांशी कमी. पण माणूस सोन्यासारखा. त्याने रुमालात बर्फ बांधून आणून दिला. तो मानेवर धरला, तर वितळून टपटपायला लागला, आणि माइकला तेही ऐकू गेलं. शेवटी भिजलेला रुमाल गळ्यात गुंडाळून काम पुरं केलं.

"बाबा, बोट आली" एवढंच वाक्य होतं. त्यातलं 'बोट' वर उचलावं लागतं, आनंदाने. ते वर जाईना. चारदा घेतलं. म्हटलं, ऐकव बघू. तर म्हणाला, "दोन मिनिटं ताई, वायर सैल आहे." हल्ली ती वायर रोज सैल असते. स्टुडिओचे मालक पैसा कुठे घालतात कोण जाणे. मग त्याने ऐकवलं आणि काय सांगू, ठणठणीत. चिरंजीव जसेच्या तसे. म्हणजे माझा आवाज ठीक आहे, कानांतच काहीतरी बिघाड आहे. जीव भांड्यात पडला.

२३ फेब्रुवारी

कानवाल्या डॉक्टरकडे जाऊन आले. कान खाजतातही फार हल्ली, आतून. त्याने नळी घालून बघितलं आणि म्हणाला, "कान एखाद्या तरुणीसारखे आहेत." कौतुक करून फी घेतली.

मग बिघडलंय काय? तोंड सारखं कोरडं. सकाळी उठले की बोटं वळत नाहीत. परवा दुधाच्या पिशवीने कात्री मागितली आणि मी रडले. पिशवी कापायला कात्री लागते, ह्यात रडण्यासारखं काय आहे, मला सांगा.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण इथे विचारणारं कुणी नाही. गेल्या उन्हाळ्यानंतर माझी पाळी आलेली नाही. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं नाही, पण बाथरूमच्या कपाटातलं ते पाकीट तसंच पडलंय, हे त्यांना दिसत असणार. चष्मेवाल्याला नाही दिसणार तर कुणाला. आमच्याकडे हा विषय फार पूर्वी मिटला. दोनदा राहिलं होतं, दोनदा गेलं. दुसऱ्या वेळेनंतर हे दवाखान्याच्या बाकावर माझी चप्पल हातात धरून बसले होते, एवढं आठवतं. नंतर आम्ही त्यावर बोललो नाही. भांडलोही नाही. लोक म्हणायचे, किती समजूतदार जोडपं. काही महिन्यांनी मला चिरंजीवांचं काम मिळालं.

पाळी गेली तर बरंच, कटकट गेली, असं सगळ्या म्हणतात. मीही म्हणणार आहे.

७ मार्च

दुपारी दुकानातून ह्यांचा फोन. "चिरंजीव आहेत का घरी?"

ही आमची जुनी खूण. एखादं मूल चष्मा घालायला तयार नसलं, हातपाय झाडायला लागलं, की हे मला फोन लावून त्या मुलाच्या कानाशी धरतात. मग चिरंजीव सांगतात, "अरे, माझ्या बाबांनापण चष्मा आहे. त्यातून त्यांना लांबची बोट दिसते. तुला काय काय दिसतं सांग." मूल गार. चष्मा नाकावर. कितीतरी मुलांना असा चष्मा चढवलाय आम्ही दोघांनी मिळून.

आज पाच-सहा वर्षांची मुलगी होती. मी घसा खाकरला, दोन घोट पाणी प्यायले आणि सुरुवात केली. मुलगी ऐकत राहिली. मग अगदी सभ्यपणे म्हणाली, "ह्या काकांना सांगा, मला घरी जायचंय."

संध्याकाळी हे म्हणाले, "मुलगी हट्टी होती." मी म्हटलं, "हो का? काका म्हणाली मला." म्हणाले, "हट्टी मुलं काहीही म्हणतात." आणि ताटात नसलेला खडा शोधत बसले.

१५ मार्च

बाजारातून येताना दुकानात डोकावले. साडेपाच वाजले होते. दुकानात चिटपाखरू नाही आणि टीव्ही मोठ्याने चालू. चिरंजीवच लागले होते. गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी म्हणून हा टीव्ही घेतला होता, आणि मुलं नसतानाही चालूच. मला बघून ह्यांनी घाईने बंद केला. मी म्हटलं, "वीज काय फुकट येते का आपल्याकडे?"

"हं," म्हणाले.

त्या 'काका' म्हणणाऱ्या मुलीनंतर ह्यांनी दुकानातून फोन केला नाही. मधे मुलं आलीच नाहीत, की आली आणि ह्यांनी एकट्यानेच निभावून नेलं, मी विचारलं नाही.

२७ मार्च

आज बटणराव रजेवर. बदली माणूस होता, वयस्कर, कामाला चोख. एक प्रवेश झाला आणि मी सवयीने म्हटलं, "ऐकवा, पण वायर आधी बघा." तो म्हणाला, "कुठली वायर?" आणि लगेच ऐकवलं.

मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं काम लावलंय चुकून. एक बाई लहान मुलाची नक्कल करत होती. वाईट नक्कल. वर जाताना आवाज चिरायचा, खाली येताना घरघरायचा. मी म्हटलं, "हे कोण आहे?" बिचाऱ्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, इथे तुमच्या नावाने एक सेटिंग ठेवलेली दिसतेय, आवाज वर चढवायची. देवघरात दिवा लावावा तशी रोज लावलीय. तीच लावायची राहिली का माझ्याकडून?"

कधीपासूनची आहे, विचारलं. तो म्हणाला, ऑक्टोबर.

सगळा हिवाळा. सगळा हिवाळा मी माझा आवाज म्हणून बटणरावाचं बटण ऐकत होते.

२८ मार्च

फोन केला त्याला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ही आग त्या घामाच्या आगीहून वेगळी, ह्यात माणसाला बरं वाटतं. म्हटलं, "अरे, तू तिकडे गुपचूप चढवत बसलास आणि मी इकडे कान तपासत फिरतेय. मला ठार बहिरी ठरवायला निघाला होतास का?"

तो म्हणाला, "ताई, आधी वाटलं सर्दी आहे, दोन दिवसांत जाईल. मग एक दिवस तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, 'आहे बाई माझा लेक जागेवर.' असं म्हणालात. त्यानंतर सांगवेना."

मी असं म्हटलं होतं? आठवत नाही. पण तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. मी फोन ठेवला. मग मोरीत नळ सोडून रडले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ माझी आणि झाकणारा दुसराच.

३ एप्रिल

घशाच्या डॉक्टरने नाकातून कॅमेरा घालून घसा दाखवला. इतकी वर्षं ज्याच्यावर जेवले तो हा, दोन पांढुरक्या पट्ट्या. सुजलेल्या. म्हणाला, "कोरड्या पडल्यात आणि वर तुम्ही जोर लावलाय. दहा दिवस संपूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही." का झालं असं, विचारलं, तर म्हणाला, "वय."

वय म्हणे. जसं काही मी ते कुठून तरी विकत आणलंय.

बाहेर येऊन ह्यांना कागदावर लिहून दाखवलं: दहा दिवस मौन. हे बराच वेळ तो कागद बघत राहिले. मला वाटतं मनातून खूश झाले असतील. कोण नवरा होणार नाही?

८ एप्रिल

हा माणूस बोलतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'हं'च्या पलीकडे ज्याची गाडी जात नव्हती, तो आल्यापासून झोपेपर्यंत बोलतोय. एक आजोबा आले, चष्मा हरवला म्हणून नवीन मागत होते आणि हरवलेला कपाळावर होता. समोरच्या केशकर्तनवाल्याने आरसे बदलले. एका बाईने सांगितलं, मला असा चष्मा द्या की सासू स्पष्ट दिसणार नाही. मी ह्यावर तोंडात आलेली किती उत्तरं गिळली, त्याने पोट दुखायची वेळ आली.

आज जेवताना बोलता बोलता थांबले. म्हणाले, "घर फार शांत झालं की मला सुचत नाही." मग जरा वेळाने, भात कालवत, माझ्याकडे न बघता: "चिरंजीव बरे आहेत ना?"

मी बोटाने टेबलावर लिहिलं, झोपलेत. त्यांनी मान हलवली आणि वाटीतलं आणखी थोडं माझ्या ताटात वाढलं. मला नको होतं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

१३ एप्रिल

मौन संपलं. पहिला शब्द मोठा चांगला काढायचा ठरवलं होतं. निघाला तो "झुरळ". आवाज तोच, जाडा.

ताई येऊन बसली आणि मला ओढतच तिच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, बायकांच्या डॉक्टर. मी म्हटलं, घशाचा आणि तिकडचा काय संबंध? ताई म्हणाली, "तू गप्प बस, तुला सवय झालीय आता."

डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं. घाम? हो. झोप? नाही. कान खाजतात? बोटं आखडतात? तोंड कोरडं? कारण नसताना रडू? मी म्हटलं, कात्रीवरून रडले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाळी जाते तेव्हा नुसती पाळीच जाते, असं वाटतं का तुम्हाला? हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत." मी विचारलं, आवाजसुद्धा? तर म्हणाल्या, "आवाजसुद्धा. त्या पट्ट्यांनाही तेच लागतं जे आता शरीर कमी बनवतंय. बऱ्याच जणींचा आवाज थोडा उतरतो. इतरजणींच्या ते लक्षातही येत नाही. तुमचं पोटच त्यावर आहे, म्हणून तुम्हाला कळलं."

म्हणजे मी वेडी नाही, बहिरी नाही, आणि मला एकटीलाच झालेलं नाही. एवढं कुणीतरी सांगायला ह्या दिवसाची वाट बघावी लागली. औषधांचं बोलल्या, त्यातले फायदे-धोके नीट सांगितले, तपासण्या दिल्या, घशाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. घाम आणि झोप सुधारेल म्हणाल्या. बोलण्याचा आवाजही मोकळा होईल.

मी विचारलं, "आणि आठ वर्षांचा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मी कबूल नाही करणार," म्हणाल्या. "खोटी आशा दाखवली तर तुम्ही पुन्हा जोर लावाल."

रिक्षात ताईने हात धरून ठेवला. ती म्हणाली, "अगं, इतर कामं मिळतील, जाहिराती आहेत, माहितीपट आहेत." मिळतील, मला माहीत आहे. मी कामासाठी रडत नव्हते. आधी ती दोन गेली. ती तर बोललीच नव्हती कधी, त्यांचा आवाज कसा असता हेसुद्धा मला माहीत नाही. हा मात्र पंधरा वर्षं माझ्या घशात राहिला, माझ्या तोंडाने जेवला, हसला, पडला, रडला. आणि आता माझं शरीर म्हणतंय, ह्यालाही जागा नाही. मी ताईला हे सांगितलं नाही. पण तिने डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तिला सगळं कळलंय असं वाटलं.

२ मे

झोप लागते आता. घाम कमी झालाय. व्यायामवाल्या बाई मला रोज नळीतून पाण्यात बुडबुडे काढायला लावतात. हे बुडबुडे ऐकून शेजारच्या काकू विचारायला आल्या, नळ गळतोय का.

आज आमच्या दिग्दर्शिकेने बोलावलं. माझ्या भाचीच्या वयाची पोरगी, पण मोठी शहाणी. चहा मागवला, दार लावलं. म्हणाली, "मावशी, बटणराव अजूनही चढवायला तयार आहेत. बोलणं निभतं. पण हसू नाही निभत. चढवलं की यंत्रासारखं होतं. मालिकेच्या मालकांनीही ते पकडलंय." ती इतकी हळू बोलत होती, की शेवटी मीच म्हटलं, "अगं, सांग की, कोण मिळालीय?"

एक नवी मुलगी मिळालीय. पुढच्या पर्वापासून. ह्या पर्वाचा शेवटचा भाग मात्र मीच करावा असं तिला वाटतं.

बाहेर बटणराव उभा होता, हातात गरम पाण्याचा थर्मास. मला म्हणाला, "चुकलंच माझं, ताई." मी म्हटलं, "वायर बसव आधी नीट." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाही राहवेना, मग पाणी प्यायले त्याचं. माणसाने माया केली म्हणून त्याला किती दिवस फाडून खायचं?

ह्यांना सांगितलं. दुसरी येणार म्हटल्यावर विचारलं, "कधी?" मी तारीख सांगितली. ते उठून बाल्कनीत गेले आणि वाळलेले कपडे घडी घालायला लागले. मला वाटलं होतं, जवळ येऊन दोन शब्द बोलतील. माझ्या मौनात सगळे शब्द संपवले वाटतं. फार राग आला.

१४ मे

शेवटचा भाग. धुकं पडतं, चिरंजीव लहान होडीतून बाहेर गेलेले असतात आणि वाट चुकतात. दिवा दिसत नाही. मग ते हाका मारतात, "बाबा, बाबा." पानभर तेच, कधी लांबून, कधी जवळून. त्या खोलीत आम्ही एकेकटेच काम करतो, त्यामुळे चिरंजीवांचे बाबा मला कधी भेटलेच नाहीत. त्यांचा आवाज देणारा नट दुसऱ्या दिवशी येतो. पंधरा वर्षं मी रिकाम्या खोलीत "बाबा" म्हणतेय.

साधी वाक्यं झाली. हाका आल्या आणि घसा अडला. पहिली खरखरीत. दुसरी चिरली. काचेपलीकडे बटणरावाचा हात त्या बटणाकडे गेला, मी बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. हो म्हटलं असतं तर झालं असतं. कुणाला कळलं नसतं.

मी म्हटलं, "नको. पोरगं बुडायला आलंय, त्याची हाक खरी पाहिजे. ती नवी मुलगी आलीय ना बघायला? तिला आत पाठवा."

आली. किडकिडीत, केस आखूड, घाबरलेली. मी उठून तिला खुर्ची दिली, माइक तिच्या उंचीला केला. आवाज छान होता तिचा, स्वच्छ, वर सहज जाणारा. हेवा वाटला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण ती लगेच रडायला लागली हाकांमध्ये. मी थांबवलं. म्हटलं, "हा रडायच्या आधी चिडतो गं. बाबा येत का नाहीत म्हणून आधी संतापतो. मग घाबरतो. रडतो सगळ्यात शेवटी, होडीत बाबांचा हात लागल्यावर." तिने मान डोलावली आणि पुन्हा घेतलं. ह्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. चिरंजीवच होते ते.

मी त्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिले, अगदी श्वाससुद्धा आवाज न करता घेत, माइकला ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांचा हात लागला तेव्हा ती रडली आणि मी तोंडावर रुमाल धरला.

घरी आले. हे दुकानातून यायचे होते. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. जेवण करून ठेवलं आणि अंथरूण गाठलं.

१५ मे

आज हे दुकान बंद करून लवकर आले, संध्याकाळीच. हातपाय धुतले, स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. मी शेंगा सोलत होते. मग त्यांनी विचारलं, "झालं काल?"

"झालं," मी म्हटलं. "दिलं पोर दुसरीच्या ओटीत. चांगली आहे मुलगी."

"हं."

मी भडकले. कालपासून साठलं होतं. म्हटलं, "हं काय, हं? तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? मी सांगितलं तर उठून कपडे घडी घालायला गेलात. काम गेलं असतं तर समजले असते, पण ते..."

हे शेंगांकडे बघत होते. म्हणाले, "दुकानात साडेपाचला गिऱ्हाईक आलं तर मी त्याला बसवून ठेवायचो. म्हणायचो, काच वाळायचीय. वीस मिनिटं. इतकी वर्षं." मग म्हणाले, "तो 'बाबा' म्हणायचा ना. ते ऐकायचो."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतकी वर्षं मी त्यांना रोज चिरंजीवांच्या गोष्टी सांगितल्या आणि हा माणूस दुकानात त्यालाच ऐकून आलेला असायचा, आणि तरी रोज विचारायचा.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तुझं दुःख मोठं होतं. त्यात माझं कुठे घुसवू?"

मग स्टूल जरा पुढे ओढलं. घसा साफ केला. जन्मात ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही, साधं लोणचंसुद्धा स्वतः उठून घेतो. म्हणाले, "एकदा मला म्हणशील? टीव्हीतून नको. मला."

मी म्हटलं, "आता नाही येत हो तो आवाज. तुम्ही ऐकलंत ना, चिरतो, घरघरतो."

"येईल तो येऊ दे."

मी शेंगांचं ताट खाली ठेवलं. ह्यांच्याकडे बघितलं. "बाबा," म्हटलं. वर चढायला गेला आणि मधेच फाटला, अर्धा बारीक, अर्धा घोगरा, जाडाभरडा. लाज वाटली मला. पण हे हलले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते, संपल्यावरसुद्धा. मग डोळे उघडले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा इतका निवलेला, की तसा मी फक्त तरुणपणी पाहिला होता.

म्हणाले, "आवाज फुटला गं त्याचा. मोठा झाला आपला मुलगा."

मी ह्यांचा हात धरला. आम्ही दोघंही रडलो, बऱ्याच वर्षांचं एकदम, आणि कुणीही नळ सोडला नाही. नंतर त्याच घोगऱ्या आवाजात मी म्हटलं, "चल बाबा, जेवायला. भूक लागलीय."